लग्नापुरती गोळी

पत्र नागपुरातल्या एका ५६ वर्षांच्या शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. गेलं दीड वर्ष त्यांचा शौचावरचा ताबा सुटतो. कधी वर्गात फळ्यापाशी असताना एकदम जोराची लागते आणि संडासापर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो. कधी काहीच कळत नाही, घरी आल्यावर कपड्यांवर डाग दिसतो. पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालं, तेव्हा खूप टाके पडले होते. मधुमेह नऊ वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिनची मात्रा दोन वर्षांपूर्वी वाढवली. अंबाझरीचं सकाळचं फिरणं सुटलं, भजनी मंडळ सुटलं, अमरावतीला माहेरी जाणंही सुटलं. प्रवास टळलाच नाही तर त्या दिवशी त्या दिवसभर उपाशी राहतात. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. 'यांना वाटतं मी माणूसघाणी झाले,' असं त्या लिहितात. त्याच पहिल्या बाळंतपणातल्या लेकीचं येत्या मार्गशीर्षात लग्न आहे. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणून त्यांनी दोनदा घेऊन पाहिली. तीन-चार दिवस संडासला झालीच नाही आणि मग आधीपेक्षा जास्त त्रास झाला. त्यांचं मागणं एवढंच: 'हे वयाचं आणि बाळंतपणाचं दुखणं आहे, बरं व्हायचं नाही. मला तपासण्या नकोत, तिथे कॅमेरा घालतात. लग्नाचे चार दिवस निभावतील अशी खात्रीची गोळी तेवढी सांगा.'

ताई,

गोळी सांगणार नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर ती शेवटी कुठेतरी असेल म्हणून तुम्ही भराभर खाली वाचत जाल.

लेकीच्या मांडवात निर्धास्त उभं राहता यावं एवढीच तुमची इच्छा आहे, आणि ती पुरी व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबले. गोळी घेतली, तीन-चार दिवस झालीच नाही, मग त्रास वाढला. डॉक्टरांसाठी अख्ख्या पत्रातली हीच ओळ बहुधा सगळ्यात मोलाची ठरेल.

ताबा सुटण्यामागे कधीकधी जुलाब नसतातच, उलट बद्धकोष्ठ असतं. मलाशयात कडक मळाचा गोळा साचून बसतो. त्याचा दाब सतत राहिला की खालचं बंद राहणारं स्नायूंचं कडं सैल पडतं, आणि वरचा पातळ मळ गोळ्याच्या बाजूबाजूने झिरपत खाली येतो. बाईला वाटतं, आपल्याला पातळ होतंय. ती जुलाबाची गोळी घेते, आतला गोळा आणखी घट्ट होतो, झिरपणं वाढतं. अशा वेळी उपाय नेमका उलटा असतो, आधी साचलेलं मोकळं करायचं. दुसरीकडे, जिला खरोखरच पातळ होतंय आणि जिचे स्नायू कमजोर आहेत तिला डॉक्टर स्वतःच लोपेरामाइडची, म्हणजे जुलाब थांबवायची, गोळी लिहून देतात आणि तिला तिचा उपयोगही होतो. कपड्यावरचा डाग दोघींचा सारखाच दिसतो. तुमच्या पदरात यातलं काय आहे हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, दुकानदाराला तर नाहीच नाही.

माझ्या आईचं असंच झालं होतं. 'पोट नाजूक झालंय' यापलीकडे ती बोलायची नाही. एका दवाखान्यातून तीनदा आमांशाचं औषध मिळालं, चौथ्या वेळी 'या वयात व्हायचंच' असं ऐकायला मिळालं. कुणी तिला टेबलावर झोपवून तपासलं नाही, आणि तिनेही खरा शब्द कधी तोंडातून काढला नाही. दीड वर्षाने एका सर्जनबाईंनी हातमोजा घालून तपासलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, आत खडा साचलाय. मी त्या खोलीत होते. ते दीड वर्ष आई पहाटे चारला उठून लुगडी धूत होती, आणि मला वाटत होतं तिला झोप येत नाही. तुमचंही तेच आहे असं मी म्हणत नाही. तपासलं नसतं तर आमचंही कळलं नसतं, एवढंच म्हणते.

आता 'वयाचं आणि बाळंतपणाचं' याबद्दल. बाळंतपणाला २८ वर्षं होत आली, त्रास दीड वर्षाचा आहे. मधल्या काळात ते टाके कुठे होते? आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची दारं आठवा. कडी ढिली झालेली असते, पण वारा नसतो तोवर दार लागलेलं राहतं. वैशाखात वावटळ आली की तेच दार धाडकन उघडतं. चिमट्याच्या बाळंतपणात गुदद्वाराभोवतीचं स्नायूंचं कडं, किंवा त्याला जाणारी नस, दुखावली जाऊ शकते. बाकीचे स्नायू ते वर्षानुवर्षं सांभाळून घेतात. पुढे पाळी जाते, स्नायूंची ताकद कमी होत जाते. मधुमेह जुना झाला की नसांची जाणीव बोथट होऊ शकते. त्यात रोज पातळ व्हायला लागलं तर ढिल्या कडीला ते झेपत नाही. आणि मेटफॉर्मिनने पुष्कळांना पातळ होतं, मात्रा वाढवल्यावर तर जास्तच. तुमची मात्रा दोन वर्षांपूर्वी वाढली, त्रास दीड वर्षाचा. हा योगायोगही असेल, पण डॉक्टरांसमोर या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायलाच हव्यात. हेच औषध हळूहळू विरघळणाऱ्या गोळीच्या रूपातही मिळतं, ते अनेकांना कमी बाधतं. स्वतःहून मात्र ते बंद करू नका, शुगर चढेल. शुगर-फ्री बर्फी, चॉकलेटं खात असाल तर तेही सांगा. त्यातल्या सॉर्बिटॉलसारख्या गोडव्यांनी पातळ होतं, आणि लग्नाच्या तोंडावर मधुमेही बायकांच्या घरात असले डबे येऊन पडतात.

म्हणजे बाळंतपणाचा वाटा असेलही, पण त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्यातल्या काही हातात आणता येण्यासारख्या आहेत. वयाच्या माथी सगळं मारलं की त्याही निसटतात.

निदानाचा सगळ्यात मोठा भाग बोलण्यात असतो, यंत्र फार पुढे येतं. गुदद्वाराशी स्नायूंची दोन कडी आहेत असं समजा. आतलं कडं आपल्या हुकमात नसतं, ते झोपेतही आपलं आपण बंद राहतं. बाहेरचं आपण आवळतो, वर्ग सुटेपर्यंत रोखून धरतो ते त्याच्या जोरावर. एकदम जोराची लागून पोचेपर्यंत उशीर होत असेल तर संशय बाहेरच्या कड्यावर किंवा मलाशयाच्या साठवून धरण्याच्या शक्तीवर जातो. काही कळलंच नाही आणि डाग दिसला, तर आतल्या कड्यावर किंवा जाणीव देणाऱ्या नसांवर. संडासहून उठल्यावर थोड्या वेळाने झिरपत असेल तर पोट पूर्ण साफ होत नसेल. तुम्ही पहिले दोन्ही प्रकार लिहिलेत. ते एकत्र करून सांगू नका, कोणता किती वेळा होतो ते वेगवेगळं सांगा. वारा सरतोय की मळ येतोय हे आधी कळतं का, हेही विचारतील. लघवी सुटते का, अंग बाहेर येतं का, मूळव्याधीचं किंवा भगंदराचं ऑपरेशन झालंय का, पित्ताशय काढलंय का, कमरेचं दुखणं आहे का, हेही. प्रश्न चोंबडेपणाचे वाटतील. प्रत्येक प्रश्नामागे एकेक कारण उभं असतं.

आणि शब्द नीट वापरा. 'पोट बिघडतं', 'गॅस होतात', 'मोशन लूज होते' असं म्हणालात की डॉक्टर जुलाबाच्या वाटेने जातात, माझ्या आईचे गेले तसे. घरून कागदावर लिहून न्या: 'माझा संडासवर ताबा राहत नाही, कपडे खराब होतात.' तोंडातून निघालं नाही तर कागद पुढे करा. अनेक डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारत नाहीत, त्यांनाही संकोच असतो. तुम्ही उच्चार केलात की त्यांनाही सोपं जातं.

जायच्या आधी पंधरा दिवस वही मांडा. हजेरीपट ठेवण्यात तुमची हयात गेली, हे तुम्हाला जड नाही. किती वाजता झाली, घाई होती का, कळलं का, किती खराब झालं, त्याआधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली. मळ कसा होता हे लिहायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा १९९७ सालचा एक तक्ता जगभर वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, चौथा मऊ आणि सलग, सातवा निव्वळ पाणी. वहीत नुसता आकडा टाकला तरी पुरे, कुणाच्या हाती पडली तरी काही कळणार नाही. मधले चार दिवस कोरे, मग एक, मग एकदम सहा-सात असं दिसलं, तर डॉक्टर साचण्याचा विचार आधी करतील.

मग तपासणी. तुम्ही जिला घाबरता ती. कशी होते ते सांगते, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, अंगावर चादर असते. आधी फक्त बघतात: कातडी लाल झालीय का, टाक्यांची खूण कुठे आहे, मूळव्याध किंवा भगंदराचं तोंड दिसतं का. जोर लावायला सांगून काही बाहेर येतं का ते पाहतात. कापसाच्या बोळ्याने कातडीला हलकेच स्पर्श करतात. तेवढ्याने ते कडं आपोआप आकसलं तर नस शाबूत असल्याची ती खूण. मग हातमोजा घालून, जेली लावून एक बोट आत. 'आता वारा रोखल्यासारखं आवळा', 'आता संडासला जोर लावतो तसा लावा'. नुसतं पडून असताना घट्टपणा किती, आवळल्यावर जोर किती, आत मळ साचलाय का, हे सगळं त्या एका बोटाला कळतं. काही मिनिटांचं काम आहे. अवघडल्यासारखं होतं, पण सहसा दुखत नाही. दुखलं तर लगेच सांगा, कारण त्यातही माहिती असते. लेडी डॉक्टर हव्यात, किंवा खोलीत सिस्टर हव्यात, हे नाव नोंदवतानाच सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची माफी मागायची नाही.

बरेचदा एवढ्यावर उपचार सुरू होतात. सोबत रक्त तपासतील: तीन महिन्यांची सरासरी शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. पातळ होत असेल तर मळही तपासतील. पुढच्या तपासण्या या उपचारांनी फरक पडला नाही तर किंवा ऑपरेशनचा विचार निघाला तर येतात. मॅनोमेट्री म्हणजे दाब मोजणं. बारीक, लवचीक नळी आत ठेवतात, तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. भूल लागत नाही. तुम्ही आवळता तेव्हा दाब किती, फुगा किती फुगल्यावर तुम्हाला जाणवतं, हे आलेखावर येतं. मधुमेहाने जाणीव कमी झाली असेल तर ती इथे दिसते. कधी असाच फुगा थोडं पाणी भरून बाहेर टाकायला सांगतात, म्हणजे पोट साफ करण्याची क्रिया ठीक आहे का ते कळतं. तुमच्या जुन्या टाक्यांसाठी गुदद्वारातून सोनोग्राफी उपयोगी. बोटाएवढी सळई असते, आणि कड्यात कुठे खंड पडलाय ते पडद्यावर दिसतं. २८ वर्षांपूर्वीचं फाटणंही त्यात सापडू शकतं. त्याजागी कधी एमआरआय करतात.

तुम्ही जिला कॅमेरा म्हणता ती दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, स्नायूंची ताकद मोजतच नाही. आतड्यात सूज, गाठ, जखम असं दुसरं काही नाही ना, हे बघायला ती असते. मळातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरलं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर ती टाळू नका. तुमचं वय आणि दीड वर्षात बदललेली सवय बघून डॉक्टर तसंही ती सुचवू शकतील. तेव्हा का सुचवताय हे विचारा. बहुतेक ठिकाणी ती गुंगी देऊन करतात. आदल्या दिवशीच्या पोट साफ करण्याच्या औषधाने तुम्हाला जास्त त्रास होईल, तेव्हा तो दिवस घरी राहण्याचा ठेवा आणि शुगरच्या गोळ्यांचं त्या दिवशी काय करायचं ते आधी विचारून घ्या.

कुणाकडे जायचं? सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करा. तिथे अंग तपासलं नाही, नुसती चिठ्ठी हातात आली, तर पोटविकारतज्ज्ञ किंवा गुदद्वाराच्या आजारांचं काम करणारे सर्जन गाठा. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत ओळखीचं कुणी भेटेल ही तुमची भीती मला समजते. पण ताई, त्या बाकांवर बसलेल्या कुणाला काय झालंय हे तोंडावर लिहिलेलं नसतं, आणि पोटाच्या डॉक्टरकडे अर्धं नागपूर ॲसिडिटीसाठी येतं. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे. मॅनोमेट्रीची सोय सगळीकडे नसते, म्हणून चिठ्ठी मिळाली की निघण्याआधी फोन करून विचारा.

एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या कुणासाठी असेल. ताबा अचानक, दोन-चार दिवसांत गेला असेल, सोबत कंबर दुखत असेल, पायात जोर नसेल, बसण्याची जागा बधिर वाटत असेल किंवा लघवी अडकली असेल, तर वही मांडत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते.

गणपती नुकतेच गेले, मार्गशीर्षाला अडीच महिने आहेत. हा वेळ कमी नाही. साचलेलं असेल तर ते मोकळं होऊन सवय बसायला काही आठवडे लागतात. मेटफॉर्मिनचं कारण निघालं तर गोळी बदलल्याचा फरक त्याहून लवकर दिसू शकतो. स्नायू कमजोर निघाले तर आवळण्याच्या व्यायामाला दोन-तीन महिने द्यावे लागतात, म्हणून ते लवकर सुरू झालेले बरे. ते आधी शिकून घ्या. पुष्कळ बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर लावतात आणि त्यांना ते कळत नाही. तपासताना 'मी बरोबर करतेय का' असं तिथेच विचारा. इसबगोल काहींना छान लागू पडतो, मळ बांधून येतो, पण आत खडा साचलेला असताना तो घ्यायचा नसतो. तोही तपासल्यानंतरच.

घरातल्यांचं काय? साऱ्या जगाला सांगा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या यजमानांना सांगा. तुम्ही दीड वर्ष त्यांच्याशी बोलायचं टाळताय आणि त्यांना वाटतंय तुम्हाला माणसं नकोशी झाली. संसाराला तीस वर्षं होत आली असतील, त्यांनी तुमची बाळंतपणं पाहिलीत, टाके पडले तेव्हा औषध आणायलाही तेच धावले असतील. एका वाक्यात सांगा आणि डॉक्टरकडे सोबत चला म्हणा. लेकीला लग्नाआधी सांगायचं की नंतर, हे तुमचं तुम्ही ठरवा. कधीतरी मात्र सांगा. तिचं बाळंतपण येईल तेव्हा टाके पडले तर नंतर तपासून घ्यायचं, ताबा सुटला तर गप्प बसायचं नाही, हे तिला आईकडून कळलेलं बरं.

लग्नाच्या दिवसाचं थोडं. प्रवासाच्या दिवशी तुम्ही दिवसभर उपाशी राहता असं लिहिलंत. तसं करू नका. शुगरच्या काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर घसरते, आणि संध्याकाळी पोटभर जेवलात की आतडं एकदम जागं होतं. सकाळी उठून गरम पाणी किंवा चहा, थोडा नाश्ता, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने निवांत दहा मिनिटं संडासात बसा. खाल्ल्यावर आतडं आपणहून हलतं, त्या वेळेचा उपयोग करून घ्या. ही सवय आजपासून लावा, म्हणजे लग्नापर्यंत अंगवळणी पडेल. त्या दिवशी तर्री आणि चहाचे फेरे आवरा. कार्यालय ठरवायला जाल तेव्हा वधूपक्षाच्या खोलीला लागून संडास आहे का ते बघा. वधूची आई ते विचारतेच, कुणाला नवल वाटणार नाही. पिशवीत एक परकर, ओले टिश्यू, दोन पॅड, बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. कातडी लाल होत असेल तर साबणाने घासू नका, कोमट पाण्याने धुऊन, टिपून, व्हॅसलिनचा पातळ थर लावा.

आणि ती गोळी उरली असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत घेऊ नका. संपली असेल तर रिकामी स्ट्रिप फेकू नका. ती, मेटफॉर्मिनची स्ट्रिप, वही आणि तो कागद एकाच पिशवीत घाला. बाळंतपणाची जुनी कागदपत्रं कुठल्या ट्रंकेत सापडली तर तीही. डॉक्टरांची वेळ शाळा सुटल्यानंतरची मागा.